एका पंगतीतले तिवर

"काणेकर, या पाच नळ्यांत मला फरक दाखवा," डॉ. हेबळे म्हणाले आणि परीक्षानळ्यांचा स्टँड त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

मी पाहिलं. पाचही नळ्यांत एकसारखा गुलाबी रंग होता. लग्नघरात पाच बहिणींना एकाच ताग्यातून पोलकी शिवावीत, तसा.

"फरक नाही, सर."

"नाही ना? मग आपण इतके महिने नेमकं काय करत होतो?"

यातलं 'आपण' सरांनी मोठ्या मनाने वापरलं होतं. ज्या खाडीकाठच्या गावी मी रोपं वाढवत होते, त्या वायंगणखारला ते एकदाही फिरकले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर सरांनी. पण त्या दुपारी हे सुचण्याइतकी माझी शुद्ध जागेवर नव्हती. माझी शिष्यवृत्ती पुढच्या पावसाळ्याबरोबर संपणार होती. आमच्या गावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची एक जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती, तीही प्रबंध वेळेत झाला तरच. आणि तो सगळा प्रबंध त्या पाच नळ्यांच्या रंगावर उभा होता.

काम तसं साधं होतं. खाडीकाठी उगवणारा तिवर चिखलात, खाऱ्या पाण्यात पाय सोडून उभा असतो. पाणी जितकं खारं, तितकं ते झाडाला आत ओढून घेणं अवघड, म्हणून तिवर आपल्या पानात प्रोलिन नावाचं एक द्रव्य साठवतो आणि त्याच्या जोरावर आतलं पाणी धरून ठेवतो. जास्तीचं मीठ तो पानातून बाहेर टाकतो. सकाळी पान जिभेला लावलं तर खारट लागतं. पानं कुटून, गाळून, त्यात एक रसायन घालून उकळलं की प्रोलिनप्रमाणे लाल रंग चढतो. थोडं असेल तर फिकट, जास्त असेल तर गडद. गोड्या पाण्यावर वाढलेल्या रोपांची नळी फिकट यायला हवी होती आणि निव्वळ समुद्राच्या पाण्यावरची कुंकवासारखी. मधल्या तिघी पायरीपायरीने.

माझ्या पाचही नळ्या गुलाबी होत्या.

"एक तर तुम्ही लेबलं मिसळलीत," सर म्हणाले.

"नाही, सर."

"किंवा पाणी चुकीचं बनवलंत."

"प्रत्येक पिंप मी स्वतः मोजलं आहे. दर खेपेला मोजते."

सर खुर्चीत मागे रेलले. छताकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. तो उजळलेला पाहून मला जास्तच भीती वाटली.

"म्हणजे या खाडीतल्या तिवराला मिठाचं काही वाटतच नाही," ते म्हणाले. "गोडं द्या, खारं द्या, तो ढिम्म. काणेकर, हा तिवर स्थितप्रज्ञ आहे."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ही बातमी फोन करून डॉ. सरंजाम्यांना कळवलीसुद्धा. सरंजामे म्हणजे दुसऱ्या एका संस्थेतले तिवरांचे जाणकार. तिवर निम्म्या समुद्राच्या पाण्यात सगळ्यात सुखी असतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोडून काढणं ही हेबळे सरांची आयुष्यातली एकमेव चैन. "आणखी एकदा पानं आणा," मला हुकूम झाला, "आणि त्या कुंड्यांचा चांगलासा फोटो काढा. लेखात टाकू."

वायंगणखारला माझ्या कुंड्या ठेवल्या होत्या भामाकाकींच्या मागील दारी. विद्यापीठाच्या काचघरात जागा नव्हती, कारण तिथे कुलगुरूंच्या पत्नीची ऑर्किड्स होती आणि त्यांना शेजार चालत नसे. शिवाय घाटावरच्या कोरड्या हवेत तिवर झुरला असता. तेव्हा ओळखीच्या ओळखीने मी या घरी येऊन पडले. काकी एकट्या होत्या. नवऱ्यामागे त्यांनी घरगुती खानावळ चालवली होती. वस्तीच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, शाळेचे मास्तर, अधूनमधून कुणी सरकारी पाहुणा, असे चारसहा जण रोज त्यांच्या पडवीत जेवायला बसत. मी आले की मीही बसे.

काकींची पंगत म्हणजे न्यायासन होतं. नारळाच्या करवंटीचा एक डवला त्यांच्या हातात असे आणि प्रत्येकाच्या ताटात त्यातून सारखं माप पडे. एकदा सर्कल साहेब जेवायला आले, तेव्हा कंडक्टर हळूच म्हणाला, "काकी, सायबांक मदलो तुकडो घाला." काकींनी सुरमईचे सगळे मधले तुकडे परत आत नेले, उभे चिरून त्यांचे पापुद्रे केले आणि सगळ्यांना एकेक वाढला. साहेबांना पापुद्रा मिळाला, कंडक्टरलाही. त्यानंतर त्याने कुणासाठी शब्द टाकला नाही. मला मीठ कमी लागतं, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. "पंगतीत सगळ्यांक एकच मीठ," एवढंच उत्तर आलं.

कुंड्या मांडल्या तेव्हा मात्र काकी माझ्यावर खूश नव्हत्या. विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत मी पाच सरळ ओळी केल्या होत्या. प्रत्येक ओळीला एकेका रंगाचा पट्टा आणि पट्ट्याच्या रंगाचं एक पिंप. पहिल्यात विहिरीचं पाणी, शेवटच्यात निव्वळ समुद्राचं, मधल्या तिघांत पाव, अर्धं आणि पाऊण समुद्र. समुद्राचं पाणी आणून देई सोमा. खारभूमीच्या बांधावर मातीकाम करणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. होडक्यात कॅन घालून तो खाडीच्या मुखापर्यंत जाई आणि भरतीचं स्वच्छ पाणी घेऊन येई. काकींच्या परसातली लाकडं फोडणं, झावळ्या ओढणं हीही त्याचीच कामं. मी नसताना पाणी घालायचं काम काकींनी पत्करलं होतं.

"खारा पाणी झाडाक?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "पाप लागात गो चेडवा."

"काकी, ही खाऱ्यातलीच झाडं आहेत."

"खाऱ्यात रवता म्हणान खारा आवाडता, असा थोडाच आसा? मी पण हयसरच रवलंय."

मी हसले होते. रंग दाखवून, दोनदा घोकवून घेऊन, त्यांच्यावर सोपवून शहरात परतले होते. दर खेपेला येई तेव्हा रोपं हिरवीगार, तुकतुकीत. पिंपांतल्या पाण्याचा खारेपणा मोजला की बरोबर भरे. कुंडीतल्या मातीचाही मोजावा हे मला सुचलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही. पाणी मोजून द्यायचं आणि पान तपासायचं, मधल्या चिखलाला कुणी विचारायचं नाही, अशी त्यांची पद्धत होती. एकदा सकाळी गोड्या पाण्याच्या ओळीतलं पान मी जिभेला लावलं, तेही खारट लागलं. समुद्रावरून वारा येतो, त्याने आणलं असेल, असं मी मनाला समजावलं. शिकलेल्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

फोटो काढायला मी निघाले, त्या दिवशी फाट्यावर मासळीचा रिकामा टेम्पो मिळाला आणि संध्याकाळी पोचणारी मी दुपारीच वायंगणखारला उतरले. पुढचं दार लोटलेलं होतं, म्हणून घराला वळसा घालून मागे गेले.

विहिरीपाशी काकींनी लग्नकार्यातलं मोठं घंगाळ मांडलं होतं. पहिल्या पिंपातून एक कळशी त्यात ओतली. मग दुसऱ्यातून एक. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यातून एकेक. मग काठीने ते पाणी छान ढवळलं, पदर खोचला, डवला घेतला आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली. एका कुंडीला एक डवला. मग पुढची. मग पुढची. ओळ संपली की दुसरी ओळ. एखादा डवला कमी भरला तर पुन्हा थोडं घालून माप पुरं करत होत्या.

"काकी!"

त्या दचकल्या नाहीत. "इलंस? बरा झाला. हात धू, जेवूक वाडतंय."

"काकी, हे काय करताय तुम्ही?"

"पाणी घालतंय."

"पण मी सांगितलं होतं ना, ज्या त्या ओळीला ज्या त्या पिंपातलं?"

"सांगितलंलंस. चार दिवस तसाच घातलंय." त्यांनी डवला घंगाळाच्या काठावर टेकवला. "मगे माज्यान बघवला नाय. एका पंगतीत बसवलंस तू तेंका. आणि एकाक गोडा, एकाक खारा? मी वाडणारी, आणि पंक्तिप्रपंच करू?"

"अहो, झाडं आहेत ती!"

"म्हणानच. झाडा बोलणत नाय."

मी विहिरीच्या कठड्यावर बसले. मनात आकडेमोड मात्र चालूच होती. शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि एक, पाचांची सारखी कळशी, म्हणजे नेमका निम्मा समुद्र. सरंजाम्यांचं आवडतं पाणी. रोपं एवढी तुकतुकीत का, ते तिथल्या तिथे कळलं. हेबळे सरांचा स्थितप्रज्ञ तिवर सहा महिने सरंजाम्यांच्या पाण्यावर मजेत वाढत होता. मला हसू यायला हवं होतं. मी रडायला लागले.

काकी घाबरल्या. पदराने त्यांनी माझं तोंड पुसलं. मग शेजारी बसून, कुणी विचारलं नसताना, सांगायला लागल्या.

"माज्या मामाकडे लगीन होता. तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे केलेले. आमी पोरां सगळी एका रांगेत. सगळ्यांच्या ताटात शिरवाळे पडले, वर नारळाचो रस पडलो. माज्या ताटात शिरवाळे तेवढे इले. मी म्हटलंय, विसारले आसतले. हात आखडून बसान रवलंय. मामी परत इली नि माजा ताट सोडून फुडे गेली. विसारली नव्हती गो. जेका बापूस नाय, तेका रस कित्याक?"

त्या नारळाच्या रसाची किंमत मी मोजत होते, एवढं मात्र खरं.

"काकी, मला पदवी मिळणार नाही," मी म्हणाले. "नोकरी जाईल. पुन्हा लावू सगळं, पण या वेळी मी सांगते तसंच घाला. हात जोडते."

त्यांना खरंच वाईट वाटलं, ते मला दिसत होतं. पण त्यांनी मान हलवली. "हो म्हणान सांगीन नि तू गेल्यावर माजो हात वळाचो नाय. खोटा कित्याक सांगू?"

शहरात परत जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. सर प्रथम लाल झाले, मग पांढरे. ढोबळपणे उलट क्रमाने तो प्रोलिनचाच आलेख होता.

"ही बाई शिकलेली आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग तिच्या सांगण्यावर आपण का विश्वास ठेवायचा?"

"मी डोळ्यांनी पाहिलं."

सरांनी खूप वेळ टेबलावरचा कागद सरळ केला. सरंजाम्यांना केलेला फोन परत घेता येत नाही, याचा त्यांना जास्त त्रास होत होता. शेवटी म्हणाले, "नवी रोपं लावा. पावसाच्या आत पानं माझ्या टेबलावर हवीत. दुसरी जागा शोधा, दुसरी बाई शोधा, काय वाटेल ते करा. नाही तर तुमच्या प्रबंधावर मी सही करू शकणार नाही." आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, "स्थितप्रज्ञ शब्द चांगला होता पण."

दुसरी जागा नव्हती आणि दुसरी बाई पगार मागत होती. मी पुन्हा काकींच्याच दारी आले. सोमाने नवी रोपं आणून दिली, जुन्या कुंड्यांतला चिखल बदलला. मला मात्र पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. शहरात प्रयोगशाळेचं काम होतं, वर्ग घ्यायचे होते. पाणी घालायला मी राहू शकत नव्हते.

दुपारी पडवीत पंगत बसली. ताज्या बांगड्यांचं कालवण होतं. काकींनी ड्रायव्हरला, मास्तरांना, मला, मापात वाढलं. मग पातेलं खाली ठेवून त्या आत गेल्या आणि दुसरा, लहान टोप आणि भात घेऊन मागच्या दाराने बाहेर पडल्या. जेवता जेवता मला दारातून परस दिसत होतं. फणसाखाली सोमा आपलं जर्मनचं ताट घेऊन उकिडवा बसला होता. काकींनी वरूनच त्याच्या ताटात भात टाकला आणि कालवण ओतलं. कालचं होतं, वासावरून कळत होतं. माप वगैरे काही नव्हतं, टोप उलटा करून झटकला इतकंच. मग त्या परत आल्या, आणि मास्तरांच्या ताटात आपल्या हातून थोडं कमी पडलं की काय म्हणून वाकून पाहू लागल्या.

हे मी तोवर कितीदा पाहिलं असेल. सोमा पडवीत का बसत नाही, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडत नसे आणि मलाही पडला नव्हता. त्या दिवशीही पडला नाही. मला दिसलं ते वेगळंच, आणि ते दिसल्यावर माझा घास हातातच राहिला. काकी पंगतीत भेदभाव करत नव्हत्या. पंगतीबाहेर त्यांना कसलीच अडचण नव्हती.

जेवण झाल्याबरोबर मी सोमाला हाक मारली. दोघांनी मिळून सगळ्या ओळी मोडल्या. एक कुंडी गोठ्यामागे, एक शेवग्याच्या बुंध्याशी, एक विहिरीपलीकडे, एक लाकडांच्या ढिगाआड. कुठल्याही कुंडीजवळून दुसरी दिसू नये, असा बेत. सगळ्या रंगांचे पट्टे परसभर विखरून टाकले. घाम पुसत सोमा मागे सरला. फणसाखाली, तो बसतो तिथून हातभर अंतरावर, लाल पट्ट्याची एक कुंडी ठेवली होती. तिच्याकडे त्याने जरा वेळ पाहिलं.

"ह्येंका पण भायर बसवल्यात, बाई?"

मला ते गमतीचं वाटलं. मी मोठ्याने हसले. सोमाही थोडा हसला आणि रिकामे कॅन उचलून निघून गेला.

काकींनी सगळ्या परसातून एक फेरी मारली. कंबरेवर हात ठेवून प्रत्येक कुंडी न्याहाळली.

"आता कसं घालाल पाणी?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"तू सांगशीत तसा," त्या म्हणाल्या. "आता ती पंगतीत खंय आसत? जेच्या तेच्या घरचा जेवतली."

आणि तसंच झालं. त्या बाईने पावसाळ्यापर्यंत रंग पाहून, पिंप पाहून, डोळ्यांत तेल घालून पाणी घातलं. कुणाला गोडं, कुणाला निव्वळ समुद्र. निव्वळ समुद्रावरची रोपं खुजी राहिली, त्यांच्या पानांवर सकाळी मिठाची पांढरी पूड दिसे. त्यांच्याजवळून जाताना काकींचा हात एकदाही अडखळला नाही.

प्रयोगशाळेत या खेपेला नळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या. पहिली जवळजवळ बिनरंगी. मग अबोली. मग गुलाबी, मग डाळिंबी, आणि शेवटची कुंकवासारखी. पाच पायऱ्या, एकीच्या वर एक. हेबळे सरांनी तो स्टँड खिडकीत धरला आणि स्थितप्रज्ञ तिवराचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. निम्म्या समुद्रावरची रोपं सगळ्यात उंच झाली होती, हेही त्यांनी मोठ्या मनाने एका तळटीपेत मान्य केलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आले ते अर्थातच सरंजामे. बुटके, मिस्कील, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ. त्यांनी प्रबंधाची पानं उलटली आणि कुंड्यांच्या नकाशावर बोट ठेवलं.

"हे मला फार आवडलं. सगळे लोक कुंड्या ओळीत लावतात. मग एका ओळीला ऊन जास्त, एकीला वारा जास्त, आणि शेवटी मिठाचा परिणाम कुठला नि उन्हाचा कुठला, कळत नाही. तुम्ही सगळ्या विखरून टाकल्यात. हे सुचलं कुठून?"

हेबळे सर खाकरले. "आमच्या विभागाची तशी पद्धतच—"

"तुम्हाला नाही विचारलं," सरंजामे म्हणाले. "काणेकर?"

"गावाकडची जुनी पद्धत आहे, सर," मी म्हणाले. "एका पंगतीत बसवलं की सगळ्यांना सारखं द्यावं लागतं. वेगळं बसवलं की ज्याला जे द्यायचं ते देता येतं. देणाऱ्याच्या मनाला काही लागत नाही."

सगळे हसले. सरंजामे तर चष्मा खाली येईपर्यंत हसले. मीही हसणार होते, पण माझं वाक्य मलाच तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. फणसाखालचं जर्मनचं ताट आणि त्याच्या शेजारची लाल पट्ट्याची कुंडी, दोन्ही डोळ्यांसमोर आली. मी हातातला रुमाल कपाळाला लावला. "पाणी घ्या," सरंजामे म्हणाले. त्यांना वाटलं, परीक्षेचा ताण.

पदवी मिळाली, नोकरीही मिळाली. घोडं गंगेत न्हालं. कुंड्यांची ती मांडणी पुढे आमच्या विभागात रूढ झाली आणि अजून मुलं तिला 'हेबळे मांडणी' म्हणतात. मी आता निवृत्त झाले आहे, पण एकदाही ते नाव दुरुस्त केलेलं नाही. माझं नाव तिला देण्याची तर मला अजिबात हौस नाही.

पेढे घेऊन मी वायंगणखारला गेले, ती एका रविवारी. काकींनी पेढ्याचे दोन भाग करून एक देवापुढे ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. "माज्या पाण्यान पास झालंस," त्या म्हणाल्या. कुठल्या पाण्याने, ते मी काढलं नाही. मग पंगत बसली. बांगड्यांचंच कालवण होतं. काकींनी माझं ताट पडवीत मांडलं, मी ते उचललं आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन फणसाखाली सोमाच्या शेजारी मांडी घालून बसले.

सोमाने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आपलं ताट थोडं बाजूला ओढून त्याने मला जागा केली.

काकी लहान टोप घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"हयसर कित्याक बसलंस? उठ. आत बस."

"मला इथेच वाढा, काकी."

"गो चेडवा, तुजा कालवण आत आसा. ह्या..." त्यांनी टोपाकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

दोन ताटं एका ओळीत होती. काकी उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, शिरवाळ्यांची गोष्ट सांगताना. रागावतील, असं मला वाटलं. ताजं पातेलं आणून दोघांना त्यातलं वाढतील, अशी खरं तर आशा होती. त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. त्या आत गेल्या, ताज्या कालवणाचं पातेलं घेऊन आल्या, लहान टोपातलं कालचं सगळं त्यात ओतलं आणि डवल्याने छान ढवळलं. मग सोमाच्या ताटात एक डवला घातला आणि माझ्या ताटात एक. माझा थोडा कमी भरला होता, तो पुरा केला. आणि तेच पातेलं उचलून पडवीतल्या पंगतीला वाढायला निघून गेल्या.

आम्ही जेवायला लागलो. कालवण थोडं आंबूस लागत होतं, पण वाईट नव्हतं. सोमा सावकाश जेवला, बांगड्याचा काटा न् काटा चाटून बाजूला ठेवला. मी मनातून फार भारावले होते. आपण काहीतरी केलं, असं मला वाटत होतं.

"बरा झाला कालवण," सोमा म्हणाला. मग ताट पुसता पुसता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "उद्या पण बसतल्यात काय, बाई?"

माझी परतीची एसटी दुसऱ्या दिवशी पहाटेची होती.